एकवीस नंबर

हजेरी घेताना मी मान वर करत नसे. एकोणीस वर्षांची सवय. उजव्या हातात पेन, डाव्या हाताचं बोट हजेरीपटावर, तोंडाने नंबर आणि कानाने 'हजर'. पहिला तास माझाच, त्यातली पाच मिनिटं प्रार्थना आणि सूचनांनी आधीच खाल्लेली, त्यामुळे त्रेचाळीस मुलांची हजेरी दोन मिनिटांत उरकायची असा माझा हिशोब. वर्ग सातवीचा, वर्गशिक्षिका मी, विषय गणित.

एकवीस नंबर आला की गाडी जरा अडायची. त्या मुलाला 'ह' जड जातो. ओठ उघडतात, हनुवटी किंचित वर जाते आणि शब्द घशातच थांबतो. कधी दोन सेकंद, कधी आठ. तेवढ्या वेळात मागच्या बाकांवरून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. बटणाच्या पेनांचा. मुलं पेनाशी चाळा करतातच, मी कधी लक्ष दिलं नाही.

मुलांची नावं इथे देत नाही. हजेरीच्या नंबरांवरूनच ओळखू या.

ऑगस्टच्या शेवटी वह्या तपासायला घेतल्या होत्या. छत्तीस नंबरची वही चाळताना शेवटचं पान उघडलं. पट्टीने आखलेला तक्ता, वर ठळक अक्षरात 'किक'. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात आकडे. ४, ७, ३, ९, ६. एका ठिकाणी १४, भोवती लाल गोल. मला वाटलं, क्रिकेटचे धावफलक असतील. मग तारखांकडे पाहिलं, सगळे शाळेचे दिवस. रविवार नाही, सुट्ट्या नाहीत. तिसऱ्या रकान्यात शेरे होते. '४ ला सुटला', 'आज चालूच झाली नाही, मान हलवली'. आणि जुलैतल्या एका तारखेपुढे: 'गाडी पुढे जाऊ दे (बाई पण हसल्या)'.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग आठवलं. त्या दिवशी घाई होती, तो अडला होता, आणि मी हजेरीपटातून डोकं न काढता म्हटलं होतं, "चल रे, आटप, गाडी पुढे जाऊ दे." वर्ग हसला होता. वर्ग हसला म्हणून मीही हसले होते. माझा विनोद जमला असं वाटलं होतं मला. स्कूटर सुरू होत नाही तशी किक मारायची, म्हणून त्या मुलाचं नाव 'किक' पडलंय आणि टक्-टक् हे किकचे मोजमाप आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पण वर्गाला ते कसं कळणार? वर्गाच्या दृष्टीने बाई खेळात सामील झाल्या होत्या.

आणखी एक आठवलं आणि जास्त टोचलं. तो मुलगा जुलैपासून बरेचदा दहा मिनिटं उशिरा यायला लागला होता. हजेरी झाल्यावर. मी त्याच्या डायरीत दोनदा शेरा लिहिला होता, 'वक्तशीरपणा हवा'.

मग मी जे केलं ते सांगायला हवं, कारण बहुतेक शिक्षक तेच करतात. मी चिडले. पंचवीस मिनिटं वर्गाला झापलं. छत्तीस आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोघांना उभं केलं, एकवीसला पुढे बोलावलं, तिघांना 'सॉरी' म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले, "आता मित्र म्हणून राहायचं" असं बजावलं आणि तिघांच्या घरी चिठ्ठ्या धाडल्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हे सगळं सांगताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी पेनं गप्प होती. एकवीस म्हटलं की त्याऐवजी वर्ग अगदी शांत व्हायचा आणि बेचाळीस माना त्याच्याकडे वळायच्या. टक्-टक् परवडली, असं ते होतं. बाकीचं मला नंतर कळलं. त्याचं नवं नाव 'बाईंचं बाळ'. जिन्यात खांद्याने धक्के. फोनवरच्या वर्गाच्या ग्रुपमध्ये कुणीतरी टाकलेला, सुरू न होणाऱ्या इंजिनाचा आवाज. छत्तीसला त्याच्या वडिलांनी माझी चिठ्ठी वाचून फटकावलं होतं आणि त्याचा हिशोब कुठे चुकता होणार हे सांगायला नको.

आठवड्याने एकवीसची आई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," ती म्हणाली, "पण आता काही करू नका."

आमच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक येतात. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली साफ करून त्यांना दिली आहे. तोवर माझी समजूत अशी की तिथे 'प्रॉब्लेम असलेली' मुलं जातात. मी गेले आणि सुरुवातच बचावाने केली. "मुलांची मस्करी असते हो, जरा हाताबाहेर गेली इतकंच."

त्यांनी विचारलं, "तो हसतो का त्यावर?"

"हसतो की."

"सगळ्यांच्या आधी हसतो की सगळ्यांच्या नंतर?"

मी गप्प. तो नंतर हसायचा. एकदा इकडेतिकडे बघायचा आणि मग.

त्या दिवशी मला दान ओल्वेउस हे नाव पहिल्यांदा कळलं. शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. १९८२ मध्ये नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, शाळासोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं, देश हादरला आणि १९८३ मध्ये तिथे सगळ्या शाळांसाठी मोहीम निघाली. तिच्या आधारावर ओल्वेउस यांनी शाळांसाठी कार्यक्रम बांधला. छळ ओळखायच्या त्यांच्या खुणा तीन: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे दंडातलंच असं नाही. बोलता येणं हेही बळ आहे. मागे हसणारे दहा जण असणं हेही.

तिसरी खूण ऐकली आणि माझी हात मिळवायला लावायची करामत कुठे फसली ते समजलं. भांडण दोघांचं असतं, दोघांचं थोडं थोडं चुकलेलं असतं, तिथे हात मिळवणं ठीक. इथे एकाचं काहीच चुकलेलं नव्हतं. त्याला मी सगळ्यांसमोर उभं करून, ज्याने वहीत त्याचे सेकंद मोजले त्याचा हात हातात घ्यायला लावला होता. आणि त्यावर 'इट्स ओके' म्हणायला लावलं होतं. त्या 'इट्स ओके'लाही त्याला किती वेळ लागला असेल, ते मी पाहिलंच नाही.

समुपदेशक बाईंनी सांगितलेलं पहिलं काम छोटं होतं, पण मला सगळ्यांत जड गेलं. त्या मुलाशी एकट्याने बोलायचं आणि आधी माझं कबूल करायचं. शाळा सुटल्यावर बोलायचं नाही, सगळ्यांना दिसतं. वर्गातून बोलावून न्यायचं नाही, तेही दिसतं. शेवटी हजेरीपट कार्यालयात पोचवायचं काम त्याला दिलं आणि वाटेत व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "जुलैत मी हसले होते. ते चुकलं माझं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म-माहितीये." मग बराच वेळ काही नाही. मला शब्द पुरवायची भयंकर घाई होते, ती आवरली. अडणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करू नये, 'सावकाश बोल', 'श्वास घे' असंही म्हणू नये, त्याने त्याला मदत होत नाही, नुसतं पाहत ऐकावं, एवढं मला बजावलेलं होतं.

मग तो बोलला, आणि मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती अशी गोष्ट कळली. "बाकीचे शब्द मी बदलतो बाई. 'हत्ती' अडला तर 'गजराज' म्हणतो. 'हळू' अडलं तर 'सावकाश'. 'हजर'ला काय म्हणू?"

सबंध दिवसभर हा मुलगा मनातल्या मनात समानार्थी शब्द शोधत असतो. त्याचं मराठी वर्गात सगळ्यांत चांगलं का, याचंही उत्तर मिळालं. आणि दिवसाची सुरुवात आम्ही अशा एकाच शब्दाने करायचो की ज्याला पर्याय नाही, सगळे ऐकतायत आणि बाईंना घाई आहे.

"'आहे' म्हटलं तर चालेल?" त्यानेच विचारलं.

का नाही चालणार? 'हजर'च म्हणायचं असा नियम कुणी केला होता? कुणीच नाही. पण एकट्याला सवलत दिली असती तर 'बाईंचं बाळ' पक्कं झालं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, 'हजर' ऐकून मला कंटाळा आलाय, उद्यापासून ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, फक्त शिवी नको. पहिला आठवडा धुमाकूळ. 'इथेच', 'आलोय', 'जिवंत', 'अर्धा झोपेत', एकीने तर 'दुर्दैवाने' म्हटलं. हजेरीला दोनाची पाच मिनिटं लागली. एकवीस म्हणाला, "आहे." कुणी वळून पाहिलं नाही, कारण बावीस नंबर काय म्हणतो याची सगळ्यांना जास्त उत्सुकता होती.

हे सोपं निघालं. पुढचं सोपं नव्हतं.

बिननावाची पाहणी करायची ठरली. त्रेचाळीस कागद, सगळ्यांनी एकाच निळ्या पेनने लिहायचं, सगळ्यांनी काहीतरी लिहायचंच, म्हणजे कुणी जास्त वेळ लिहिलं तर ते उठून दिसणार नाही. प्रश्न चारच. गेल्या महिन्यात तुला कुणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा त्रास दिला का? किती वेळा? कुणाला होताना पाहिलंस का? तेव्हा तू काय केलंस? मागच्या बाजूला शाळेचा नकाशा, जिथे भीती वाटते तिथे ठिपका. 'छळ' हा शब्द मुद्दाम टाळला, मुलं त्याचा अर्थ मारहाण असाच घेतात.

मला वाटलं होतं, ठिपके मैदानावर पडतील. मैदानावर दोन होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या वळणावर सतरा. पाण्याच्या नळांपाशी नऊ. स्वच्छतागृहाच्या दाराशी सहा. आणि वेळ? मधली सुट्टी नव्हे, तास बदलतानाची पाच मिनिटं. एक शिक्षक निघालेला असतो, दुसरा पोचलेला नसतो.

आमचे शिपाई मामा नकाशा बघून म्हणाले, "हे मी जूनमध्येच सांगितलं असतं बाई. मला विचारलं कुठं कुणी?" जिना ते पुसतात. कुठल्या वळणावर बटणं आणि तुटलेल्या पट्ट्या सापडतात हे त्यांना पाठ होतं. शाळेत सुरक्षिततेची बैठक झाली की आम्ही शिक्षकच शिक्षकांशी बोलतो. मामा आणि मावशी चहा देऊन बाहेर जातात.

त्रेचाळीसपैकी अकरा जणांनी लिहिलं होतं की आठवड्यातून एकदा तरी त्रास होतो. अकरा! मला एक माहीत होता. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरची आकडेवारी मांडली, त्यात जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याने महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून छळ झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे माझा वर्ग काही जगावेगळा नव्हता. पण हे नंतर वाचलं. कागद मोजत असताना ते अकरा कागद वेगळे काढून टेबलावर मांडले आणि कुठला कुणाचा असेल याचा अंदाज बांधायचा मोह फार कष्टाने आवरला.

एक कागद मात्र अजून माझ्यापाशी आहे. 'कोणी मारत नाही, काही बोलत पण नाही. मी गेले की बोलणं थांबतं. हे लिहायचं का?' अक्षरावरून शोधून काढता आलं असतं. नाव शोधणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून शोधलं नाही. एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून बंद केली, 'तुमचे तुम्ही गट करा' असं म्हणणं. या वाक्यानंतरची तीस सेकंदं काही मुलांसाठी किती लांब असतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता. गट आता मी पाडते, दर पंधरा दिवसांनी बदलते. ती कोण, हे मला आजही माहीत नाही.

मग छत्तीस. नंबरही असा की स्टाफरूममध्ये 'एकवीसचा आणि छत्तीसचा छत्तीसचा आकडा' असा विनोद फिरू लागला. म्हणजे टोपणनावाचा मोह आम्हा मोठ्यांनाही सुटत नव्हता. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास यांची एक पद्धत आहे. छळणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला एकेकटं, लागोपाठ बोलवायचं, म्हणजे मधे आपसात जुळवाजुळव करता येत नाही. आरोप करायचा नाही. 'का केलंस' विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी खोटं किंवा 'असंच' असतं. मला ते वाचून राग आला. वही माझ्या खणात आहे, पुरावा आहे, आणि मी आरोप करायचा नाही?

तरी केलं. एका कार्डावर वाक्य लिहून नेलं होतं. "एकवीसचं वर्गात बरं चाललेलं नाही असं मला दिसतंय. तुला काय दिसतं?"

छत्तीस खुर्चीच्या कडेवर बसला होता, ओरडा खायच्या तयारीने. प्रश्न ऐकून गोंधळला. मी थांबले. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, जवळजवळ एक मिनिट गेलं.

"मी फक्त मोजत होतो," तो म्हणाला.

"हं."

"मारलं नाही कधी."

"हं."

"वही तुमच्याकडेच आहे ना? त्यात तुमचं पण लिहिलंय."

"वाचलं. ते चुकलंच माझं. त्याला तसं सांगितलंय मी."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. बाई 'चुकलं' म्हणतात हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. मग हळूहळू निघालं. सुरुवात त्याने केली नव्हती, पण तक्ता आखल्यावर मागच्या तीन बाकांवर त्याला भाव आला. रोज सकाळी मुलं विचारायची, आज किती लावतोस? आता थांबलं तर लोक काय म्हणतील, हा त्याचा खरा प्रश्न होता.

"मग काय करता येईल?" मी विचारलं. हे पद्धतीतलं शेवटचं वाक्य.

"पेन आणणार नाही."

"पेन न आणता लिहिणार कशाने?"

"बटणाचं आणणार नाही."

बस, एवढंच. माफी नाही, पश्चात्ताप नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू म्हटलं. सोमवारी पाहिलं तर त्याच्या बाकावर टोपणाचं पेन होतं. बुधवारपर्यंत बाजूच्या दोघांकडेही.

ही पद्धत सगळीकडे चालेल असं माझं म्हणणं नाही. मारहाण, धमकी, पैसे उकळणं, अंगचटीला जाणं, असलं काही असेल तर 'तुला काय दिसतं' विचारत बसू नये. तिथे ताबडतोब मुख्याध्यापक, पालक, नियम. आमच्या एका सरांचं तर म्हणणं होतं की ही सगळी लाडावायची कामं. "आम्हालाही चिडवायचे, आम्ही काय मेलो?" सरांना त्यांच्या वर्गात काय म्हणायचे, मी विचारलं. त्यांनी ते नाव चाळीस वर्षांनंतरही लगेच सांगितलं. आणि ठेवणाऱ्याचं नावसुद्धा.

माझा सगळ्यांत मोठा गैरसमज मात्र उरलेल्या वर्गाबद्दलचा होता. तिघं वाईट, एक बिचारा, बाकी एकोणचाळीस बघे, असं मी धरलं होतं. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की 'बघे' असं काही नसतंच. कुणी छळणाऱ्याला हात देतो, कुणी हसून टाळी देतो, कुणी नजर वहीत घालतो, कुणी मधे पडतो. ज्याला भाव हवाय त्याला हसू पुरतं, आणि वहीत घातलेली नजर त्याला संमतीसारखी दिसते. कॅनडात संशोधकांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माइक लावून प्रसंग टिपले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांना इतर मुलं हजर होती, मधे पडली फक्त १९ टक्क्यांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंदं. आमच्या चौदाच्या विक्रमापेक्षा कमी.

यावर वर्गात भाषण दिलं असतं तर वाया गेलं असतं. त्याऐवजी विचारलं, कुणी अडचणीत दिसला तर शूरपणा न करता काय काय करता येतं? कारण 'ए, सोड त्याला' म्हणायची हिंमत सगळ्यांत नसते आणि नसली तर तो गुन्हा नाही. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी माझ्या डोक्यात आल्या नसत्या. 'चल, बाईंनी बोलावलंय' असं खोटंच सांगून त्याला तिथून न्यायचं. हसायचं नाही, नुसतं न हसणं. नंतर जवळ जाऊन 'ते फालतू होतं' म्हणायचं. ग्रुपवर आलं तर पुढे पाठवायचं नाही, स्क्रीनशॉट काढून मोठ्यांना दाखवायचा. एका मुलीने विचारलं, "बाई, सांगणं म्हणजे चुगली ना?" कुणाला अडकवायला सांगणं ती चुगली, कुणाला सोडवायला सांगणं ती मदत, असं बारा नंबरने उत्तर दिलं. माझ्याआधी. मी ते फळ्यावर लिहून ठेवलं, दोन दिवस पुसलं नाही.

तास बदलतानाच्या पाच मिनिटांसाठी जिन्यात पाळीने उभं राहायचं ठरलं, त्यावर स्टाफरूममध्ये जी कुरकुर झाली ती लिहीत नाही. मुख्याध्यापकांनी स्वतःचं नाव सोमवारच्या पाळीत पहिलं घातलं, मग कुरकुर कमी झाली. मामांनी स्टूलच वळणावर आणून ठेवलं.

गटकामाचा एक प्रयोग तर आधी साफ फसला. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत केलेली युक्ती: धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, चाचणी मात्र सबंध धड्यावर. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाची गरज. मी चौकोनांचे गुणधर्म वाटले. एकवीसच्या गटाने पहिल्या मिनिटात त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि स्वतःच वाचला. झालं सहकार्य! दुसऱ्या खेपेला वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे परत घ्यायचे आणि आकृती काढून समजवायचं, असा बदल केला. तो समांतरभुज चौकोन काढत होता, अडला, काढत राहिला, पुन्हा बोलला. समोरची मुलगी म्हणाली, "कर्णाचं परत सांग, मला नाही कळलं." तिला खरंच कळलं नव्हतं. दयेने विचारलं असतं तर त्याला बरोबर समजलं असतं.

छत्तीसच्या वडिलांना मी पुन्हा भेटले, या वेळी चिठ्ठी न पाठवता. त्यांना मारू नका म्हणून सांगणं अवघड होतं, कारण मारायचं कारण मीच पुरवलं होतं. पेनाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे सुधारलाय म्हणता?" मी म्हटलं, पेन बदललंय. दुसऱ्या एका मुलाच्या आईने मात्र शेवटपर्यंत 'मुलंच आहेत हो' हेच लावून धरलं. तिथे माझी डाळ शिजली नाही.

डिसेंबरात तीच पाहणी पुन्हा केली. अकराचे सात झाले होते. जिन्यावरचे ठिपके सतरावरून चारावर, पण नळांवरचे नऊचे अकरा. म्हणजे काही प्रकार नुसते खाली सरकले होते. सातचा आकडा बघून मी खट्टू झाले, तेव्हा समुपदेशक बाईंनी टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांचा २०११चा आढावा दाखवला. जगभरातल्या शाळांमधले छळविरोधी कार्यक्रम एकत्र तपासले तर छळ सरासरी विसेक टक्क्यांनी कमी झालेला दिसतो. "तुमचं त्याहून बरं आहे," त्या म्हणाल्या. त्रेचाळीस मुलांच्या एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हे गणिताच्या बाईला कळतं. तरी बरं वाटलं. स्टूल जानेवारीत नळांपाशी गेलं.

एकवीस आता वेळेवर येतो. त्याला मित्र एकच आहे, बारा नंबर, आणि दोघं मिळून मधल्या सुट्टीत कसलातरी नकाशा काढत असतात, तो मला दाखवत नाहीत. छत्तीसशी तो बोलत नाही. बोलावं असा आग्रह मी सोडून दिला आहे.

मार्चमधली एक सकाळ. हजेरी चालू, आता मी मान वर करून घेते. "एकवीस." रोजच्यासारखं 'आहे' येईल म्हणून मी पुढच्या रकान्यावर बोट नेलं, तर त्याची हनुवटी वर गेली. त्याने 'ह' घेतला होता. का, ते त्यालाच माहीत. मी बोट थांबवलं. मागच्या बाकांवर छत्तीसने टोपणाचं पेन दोन्ही हातांत धरलं होतं. कुणी वळलं नाही, कुणी खोकलं नाही.

"हजर."

मी मान हलवली, बावीस म्हटलं, तेवीस म्हटलं, आणि मग लक्षात आलं की त्याला अकरा सेकंद लागले होते. मी मोजले होते.